अल्फाचं इचारू नको

"वरच्या नारायणभाऊले अल्फाचं इचारू नको. मांगं गॅसवाल्यानं इचारलं होतं, तं खाली त्याच्या गाडीवरचे समदे सिलिंडर उन्हात तापले, पन त्याचा पाय काही जिना उतरला नाही."

ही ताकीद मला माझ्या सासूबाईंनी, खुर्शीदबींनी, लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यातच दिली होती. घरात आम्ही उर्दू बोलतो. पण टोमणा मारायचा असला किंवा धाक घालायचा असला की अम्मी वऱ्हाडीत शिरतात. उर्दूत टोमणा मारला तर तो शेर वाटतो, लागत नाही, असं त्यांचं म्हणणं.

मी हसून सोडून दिलं. मी तुबा, अमरावतीहून कॉम्प्युटरची एम.एस्सी. करून अकोल्यात आलेली. अल्फा म्हणजे एक जुना प्रोसेसर, कॉम्प्युटरचा मेंदू, हे मला ठाऊक होतं. प्रोसेसरच्या पुस्तकात तिला अर्धं पान होतं, आणि "हे बंद पडलेलं आहे, परीक्षेला येत नाही" असं म्हणून मॅडमनी तेही उलटवलं होतं. अर्ध्या पानाच्या विषयावर माणूस बोलून बोलून किती बोलेल?

मग उजैर झाला, दीड वर्षाचा झाला, आणि त्यानं जेवण सोडलं.

ज्यांनी लेकरू वाढवलंय त्यांना हे सांगायला नको. मोबाइल दाखवला, चिमण्या दाखवल्या, माझ्या नवऱ्यानं, फरदीननं, दुकानातला स्कूटरचा हॉर्न आणून वाजवून दाखवला. तोंड बंद ते बंदच. मी वजनकाटा आणला. डॉक्टरांना इतके फोन केले की तिथली कंपाउंडर बाई माझा आवाज ऐकून "उजैरची मम्मी, सांगा" म्हणायला लागली. फरदीन ज्याला त्याला सांगत सुटला होता, "हिनं पोराच्या उचकीसाठी डॉक्टरला फोन लावला होता." लावला होता. उचकी थांबत नव्हती.

एके दुपारी मुगाच्या खिचडीची वाटी घेऊन मी त्याच्यामागे जिन्यात फिरत होते. तो एकेक पायरी चढत वरच्या मजल्यावर गेला आणि नारायणकाकांच्या उघड्या दारासमोर थांबला. आतून घूंऽऽ असा आवाज येत होता, लांबच्या दालमिलसारखा. उजैरनं मान वाकडी केली, आवाज ऐकला आणि तोंड उघडलं. मी घास घातला. त्यानं गिळला. पुन्हा तोंड उघडलं.

उंबऱ्यावर बसूनच मी वाटी रिकामी केली. आनंदानं मला इतकं भरून आलं की अम्मींची ताकीद पार विसरून मी विचारलं, "काका, हा आवाज कशाचा?"

नारायणकाका आरामखुर्चीतून ताडकन उठले. सत्तरी ओलांडलेला माणूस, पण शर्टाच्या खिशात अजून स्क्रू ड्रायव्हर. त्यांची बायको जाऊन काही वर्षं झाली होती, मुलगी चारुशीलाताई कॅनडात. घरात ते आणि कोपऱ्यात टेबलावर एक करड्या रंगाचा, पितळी समईइतकाच पुसून चकचकीत ठेवलेला डबा.

"ही अल्फा," ते म्हणाले. "बस. पंखा लावतो."

खालून अम्मींचा आवाज आला, "इचारलं वाट्टे! गेली माही सून!"

*

तर अल्फाची हकीकत अशी. ती मी सलग कधीच ऐकली नाही. रोज उजैरच्या एका वाटीइतकी ऐकली.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत डिजिटल नावाची मोठी कंपनी होती. तिच्या जुन्या यंत्रांना फार लांबलचक आज्ञा कळत. काकांच्या शब्दांत सांगायचं तर नुसतं "पुरणपोळी कर" म्हणायचं आणि यंत्र आतल्या आत डाळ शिजवण्यापासून तूप लावण्यापर्यंत सगळं करत बसायचं. हुशार, पण जड. मग विचार आला की आज्ञा थोड्या ठेवाव्यात, सोप्या ठेवाव्यात, सगळ्या एकाच मापाच्या ठेवाव्यात आणि त्या विजेसारख्या पळवाव्यात. पाणी घे. गॅसवर ठेव. डाळ टाक.

"म्हणजे उजैरसारखं," मी म्हटलं. "'जेव' म्हटलं तर ऐकत नाही. तोंड उघड, घास घे, चाव, गिळ, असं एकेक सांगावं लागतं."

काका खुर्चीतून पुढे झुकले. "अवं पोरी, हे मी तीस वर्षं लोकांना समजावून राहिलो, एकाला समजलं नाही. तुझं लेकरू रिस्क प्रोसेसर आहे."

"रिस्क?" माझा जीव लगेच वर.

"तसली रिस्क नाही. आज्ञा कमी केलेला. घाबरू नको."

एक्क्याण्णव-ब्याण्णव सालात अल्फा आली, ती पहिल्या दिवसापासून चौसष्ट बिटांची. इतर जण तिच्या अर्ध्या वेगावर धापा टाकत होते. पुढची पंचवीस वर्षं पुरेल असा विचार करून तिची मांडणी केली होती. आतल्या वाटा कितीतरी माणसांनी स्वतः बसून आखल्या होत्या, जरीकामाला बसावं तशा. तिच्यात बत्तीस खण होते, आणि शेवटच्या खणात काहीही टाकलं तरी बाहेर शून्यच निघायचं.

"मंग तो खन ठेवला काहून?" अम्मी तोवर हळूहळू वर यायला लागल्या होत्या. भाजी निवडायला, असं म्हणून.

"लागतो, भाभी. शून्य फार कामाला येतं."

"आमच्या फरदीनचा कान हाय तसाच. काईबी सांगा, आत काईच नाई. पन कामाले येत नाई."

काका हसले आणि म्हणाले, "सूत काढायला चरखा चांगला लागतो, भाभी." अम्मींनी मेथीची जुडी त्यांच्या दिशेनं उगारली. या दोघांचं असं चालायचं. अम्मी एक टोला द्यायच्या, काका परत टोलवायचे, आणि मग दोघंही दिवसभर खूश.

अल्फाची एक खोड मला फार आवडली. सुरुवातीच्या अल्फाला स्मृतीतून एकटंदुकटं अक्षर उचलता येत नसे. गोदामातून तुरीचा एक दाणा मागा, ती म्हणायची, दाणा मिळत नाही, अख्खं पोतं घेऊन जा. मग पोतं आणायचं, त्यातून दाणा वेचायचा, पोतं परत ठेवून यायचं. लोकांनी बोंब मारली. पुढे काही वर्षांनी बनवणाऱ्यांनी तशी सोय करून दिली. "पण पोतं इतक्या वेगानं आणायची," काका म्हणायचे, "की एकेक दाणा आणणाऱ्यांपेक्षा आधी परत यायची."

काका स्वतः अशा यंत्रांची देखभाल करणाऱ्या एका कंपनीत होते. नागपुरात कचेरी, पण पाय सगळ्या वऱ्हाडात. एकदा अल्फाचा बोर्ड मांडीवर घेऊन ते पॅसेंजरनं अकोल्याला निघाले होते. धक्का लागू नये म्हणून बोर्ड बायकोच्या शालीत गुंडाळलेला, आणि अंगातली वीज बोर्डाला लागू नये म्हणून मनगटाला वायर लावलेला पट्टा. धामणगावला गर्दी चढली. एका बाईनं त्यांच्याकडे पाहिलं आणि शेजारच्याला उठवलं, "सरका हो, त्या दादाजवळ तान्हं हाय, अन् हाताले सलाइनबी लावेल हाय." काकांना नीट पाय पसरून बसायला जागा मिळाली. बदनेऱ्याच्या आत त्या बाईनं दोनदा विचारलं, लेकरू रडत कसं नाही?

"तुम्ही काय सांगितलं?"

"झोपलंय म्हटलं."

आणि ही कोपऱ्यातली? ती एका छापखान्यातून भंगारात निघाली होती. काकांनी ती भंगारवाल्याच्या तराजूवरून उतरवली आणि ऑटोत घालून घरी आणली. त्या दिवसापासून ती चालू. तिच्यावर ते काय करत? खरं सांगायचं तर काही नाही. सकाळी विचारपूस करत, संध्याकाळी विचारपूस करत. मी एकदा म्हटलं, काका, लाइट जळते फुकट. ते म्हणाले, "तुझ्या अम्मीच्या कोंबड्या अंडी देतात का?" नाही देत, म्हाताऱ्या झाल्या आहेत. मी पुन्हा विचारलं नाही.

*

आता यातली मुख्य गोष्ट.

मला एका जागी बसून ऐकता येत नाही. उजैर प्लगजवळ गेला, उजैरनं चप्पल चाटली, उजैर खुर्चीखालून निघत नाही. काकांच्या दर दुसऱ्या वाक्याला मी "काका, एक मिनिट!" म्हणून उठायची. मला त्याची लाज वाटायची. पण काकांना त्याचं काहीच नव्हतं.

"तू इंटरप्ट आहेस," ते म्हणाले. "प्रोसेसर काम करत असतो, मधेच कुणीतरी दाराची कडी वाजवतं. चांगला प्रोसेसर काय करतो? हातातलं काम आहे तिथं नीट ठेवतो, खूण करतो, कडी उघडतो, आलेल्याचं बघतो आणि परत येऊन बरोब्बर त्याच जागेवरून पुढे सुरू करतो. एक शब्द इकडे नाही की तिकडे नाही. ज्याला परत येता येत नाही तो प्रोसेसर फेकून द्यावा."

आणि खरंच, ते परत यायचे. "कंपनीनं जूनमध्ये..." इथं मी उठले, उजैरच्या तोंडातून बटण काढलं, त्याला धुतलं, पुसलं, अम्मींनी चहा आणला, अकोटहून कुणाचा तरी फोन आला, त्यावर कपाशीचा भाव झाला, आणि फोन ठेवल्या ठेवल्या काका, "...जाहीर केलं." मला हा खेळच वाटायला लागला. मी मुद्दाम अडवायची. पाणी मागायची, पावसाचं विचारायची, गॅलरीतलं वाळवण उचलायला जायची. त्यांचं वाक्य खुंटीवर शर्ट टांगावा तसं टांगलेलं असायचं. परत आले की घालायचे आणि चालू.

तर अल्फा गेली कशी? डिजिटल कंपनी दमली, तिला कॉम्पॅकनं विकत घेतलं. कॉम्पॅकला वाटलं, एवढा खर्च करून आपला वेगळा प्रोसेसर कशाला पोसायचा? इंटेलचा इटेनियम नावाचा नवा प्रोसेसर निघाला होता, सगळं जग त्याच्यावर जाणार असं बोललं जात होतं. दोन हजार एकच्या जूनमध्ये कॉम्पॅकनं जाहीर केलं की पुढे आपणही तिकडेच. पाठोपाठ खुद्द कॉम्पॅकच दुसऱ्या कंपनीत गेली. उरलीसुरली अल्फा दोन हजार सातपर्यंत विकली आणि दुकान बंद.

"पंचवीसचं आयुष्य लिहून आणलं होतं, पंधरात गेली," काका म्हणायचे. "अन् तो इटेनियम? तोही बंद पडला, एकवीस साली. मी बिल्डिंगभर पेढे वाटले होते."

अम्मींचा हात भाजीत थांबला. "थे पेढे त्याचे होते? मले वाटलं चारुशीलाले लेकरू झालं! म्या तिच्यासाठी झबलं शिवून देल्लं तुमच्यापाशी!"

"ते मी पाठवलं, भाभी. तिनं कुत्र्याला घातलं."

अम्मी तीन दिवस वर आल्या नाहीत.

*

नवरात्र आलं. काकांच्या घरी काकू नऊ दिवसांचे उपवास करायच्या. त्या गेल्यावर काका करतात. कडक. सकाळी बिनसाखरेचा चहा, संध्याकाळी देवीची आरती झाल्यावर थोडी भगर. मधे काही नाही.

खंडेनवमीला वऱ्हाडात सगळी अवजारं आराम करतात. दालमिल बंद, कापसाचं जिनिंग बंद, फरदीनच्या दुकानातले पाने सुद्धा त्याचा मिस्त्री देवमन धुऊनपुसून, कुंकू लावून मांडून ठेवतो आणि फरदीन त्यांना हात लावत नाही. काकांची अल्फाही वर्षातून त्या एकाच दिवशी बंद होते. तिला पुसायचं, झाकणावर झेंडूचं फूल ठेवायचं, कुंकू कागदावर लावून कागद शेजारी ठेवायचा, कारण पंख्यात कुंकू गेलेलं चालत नाही. दसऱ्याला सकाळी पुन्हा चालू. त्याहून जास्त वेळ थंड ठेवली तर जुनी डिस्क चिकटून बसते, म्हणून.

मला हे ठाऊक नव्हतं. मी दुपारी नेहमीसारखी वाटी घेऊन वर गेले, तर घर गप्प. घूं नाही. उजैरनं मान वाकडी केली, वाट पाहिली आणि तोंड घट्ट मिटलं.

"काका, आता काय करू? तुमच्या आवाजावर जेवतो का बघते. सांगा काहीतरी."

"काय सांगू?"

"शेवटचं सांगा. जूनचं."

काकांनी सुरुवात केली. आवाज जरा बारीक होता, पण उपवासाचा नववा दिवस होता. "दोन हजार एकचा जून. मी नागपुरात होतो. सकाळी कचेरीत गेलो तर साहेब म्हणाले, नारायणराव, बसा. कंपनीनं कळवलंय..."

तेवढ्यात उजैरनं झेंडूची पाकळी तोंडात घातली. मी वाटी टाकली, त्याच्या तोंडात बोट घातलं, पाकळी काढली, आणखी एक निघाली, जीभ पाहिली, टाळू पाहिला. मग मांडीवर घेऊन बसले आणि काकांकडे पाहिलं.

काका समोर पाहत होते.

"हं, काका?"

"काय?"

"कंपनीनं कळवलंय..."

ते माझ्याकडे बघून छान हसले. "हो. बंद झाली."

एवढंच. मी थांबले. पुढे काही येईना. वरच्या ओठावर घाम होता. ऑक्टोबरचं ऊन अकोल्यात कुणालाही घाम आणतं, पण पंखा त्यांच्या डोक्यावरच होता. मी म्हटलं, "काका, साहेब काय म्हणाले?"

"कोण साहेब?"

मी गॅलरीत जाऊन अम्मींना हाक मारली. अम्मी गुडघे धरत वर आल्या, त्यांनी एक नजर उजैरवर टाकली, तो धडधाकट होता, आणि चिडल्या. "काय झालं? म्हातारं मानूस हाय. इसरलं असन. तू तं मुंगी चालली तरी बोंब मारते."

"अम्मी, ते परत आले नाहीत."

"कुठून?"

हे कसं समजावणार? जगातल्या कोणत्याही घरात म्हातारा माणूस बोलता बोलता विसरतो. मी हे कोणत्या डॉक्टरला सांगितलं असतं तर त्यानं मलाच गोळी दिली असती. आणि मला माझाही भरवसा नव्हता. उचकीवर फोन लावणारी बाई मी. पण या माणसाचं वाक्य मी किती वेळा मोडलं होतं आणि किती वेळा जोडलेलं पाहिलं होतं, ते मला ठाऊक होतं.

अम्मी काकांच्या समोर बसल्या. "काय नारायणभाऊ, सून म्हन्ते तुमी बिघडले. म्या म्हटलं, थे पयलेपासूनच बिघडेल हायेत."

काका हसले. "बसा, भाभी."

अम्मी थांबल्या. त्या वाट पाहत होत्या. मग पुन्हा टोचून पाहिलं, "अन् तुमची थे अल्फा, नुसती लाइट खाते. माह्या कोंबड्या परवडल्या."

काका काही बोलले नाहीत.

अम्मींचा चेहरा उतरला. "तुबा," त्या उठत म्हणाल्या, "या मानसानं मले उलटून उत्तर देल्लं नाई. फरदीनले बोलाव."

मी टेबलावरच्या गोळ्या पाहिल्या. साखरेच्या आजाराच्या होत्या, डबीतल्या सकाळच्या खणातली गोळी घेतलेली होती. तेव्हा डोक्यात लख्ख पडलं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, गोळी चुकवायची नाही. काकूंनी शिकवलं होतं, उपवास मोडायचा नाही. काकांनी दोन्ही पाळलं होतं. पोटात अन्न नाही आणि अंगातली साखर खाली खेचणारी गोळी मात्र वेळच्या वेळी.

मी पाण्यात साखर ढवळली. काकांनी भांडं हातानं दूर केलं. "उपवास आहे."

"काका, साखर चालते."

"नाही. आरती व्हायची आहे."

मग अम्मी पुढे झाल्या. पदर खोचला. "नारायणभाऊ, मले उपास शिकवू नका. चाळीस वर्सं झाले रोजे करून राहिली. बिमाराले अल्लानं सूट देल्ली हाय. तुमची देवी तं माय हाय, थे देनार नाई का सूट? पेता का नाक दाबू?"

काका प्याले. अर्धं शर्टावर सांडलं, अर्धं पोटात गेलं. मी आणखी एक भांडं केलं. ते हळूहळू पाजलं. फरदीन दुकानातून निघाला होता. उजैर जमिनीवर बसून सांडलेली खिचडी स्वतःच्या हातानं खात होता, आणि त्या दिवशी मी त्याला अडवलं नाही.

आम्ही दोघी त्यांच्या तोंडाकडे बघत बसलो. घाम हळूहळू वाळला. डोळे खोलीत फिरले, अल्फावरच्या झेंडूवर थांबले.

"...की आता अल्फाची नवी पिढी निघणार नाही," काका म्हणाले. "साहेबांनी असं सांगितलं आणि माझ्यासाठी चहा मागवला. अन् भाभी, तुमच्या कोंबड्यांचं म्हणाल तर माझी अल्फा निदान शेजारच्याच्या गॅलरीत घाण करत नाही."

अम्मींनी पदरानं डोळे पुसले आणि म्हणाल्या, "आला हो परत मेला."

*

काका म्हणाले, झालं, मी बरा आहे. फरदीनही म्हणाला, बरे दिसतात. पण मी एव्हाना कुणाचं ऐकायच्या पलीकडे गेले होते. आम्ही त्यांना ऑटोत घालून दवाखान्यात नेलं. बरं झालं नेलं. त्या गोळीचा अंमल लांबतो, साखर पुन्हा उतरते, म्हणून डॉक्टरांनी ठेवून घेतलं, आणि संध्याकाळी ती खरंच पुन्हा उतरली. पण तेव्हा हाताला सलाइन होतं. या वेळी खरंखुरं.

सकाळी डॉक्टर आले. माणूस ठिकाणावर आहे का ते बघायला त्यांनी विचारलं, "काका, आज तारीख काय?"

काकांनी तारीख सांगितली, वार सांगितला, "आणि दसरा आहे" म्हणाले, आणि एकदम उठून बसले. "तुबा! अल्फा! ती आज उठली नाही तर उठायची नाही!"

डॉक्टरांनी घाबरून माझ्याकडे पाहिलं. "अल्फा कोण?"

"विचारू नका," मी म्हटलं. "तुमचे बाकीचे पेशंट तापतील."

मी घरी आले. उजैर कडेवर, फोन कानाला, फोनवर काका. मागचा खटका वर कर. केला. काही नाही. थांब. थांबले. "काका, काहीच होत नाही." "थांब म्हटलं ना, म्हातारी आहे." आतून आधी एक उसासा आला, मग किर्र झालं, आणि मग घूंऽऽ. उजैरनं टाळ्या वाजवल्या. पडद्यावर तीन बाण उमटले. बूट, म्हणजे 'ऊठ', असं टाइप कर, काकांनी सांगितलं. केलं. पडद्यावर ओळींमागून ओळी धावल्या आणि एका जागी थांबल्या.

"काका, ही काहीतरी विचारतेय."

"काय विचारते?"

मी वाचलं आणि मला हसू आवरेना. तिच्या आतली घड्याळाची बॅटरी कधीच मेलेली होती. म्हणून झोपेतून उठल्यावर ती दरवेळी समोरच्याला विचारते. आज तारीख काय, वेळ काय?

"सांग तिला," काका म्हणाले. "डॉक्टरनं मला विचारलं तेव्हा मी सांगितलं ना? आता तू तिला सांग."

मी सांगितलं. अल्फा चालू झाली. अम्मींनी खालून वाटी आणून दिली आणि अल्फाच्या डोक्यावर आपट्याचं पान ठेवलं. "घे माय, सोनं," म्हणाल्या, आणि मी बघतेय हे दिसताच, "नारायणभाऊले सांगू नको."

काका दोन दिवसांनी घरी आले. गोळ्या बदलल्या आहेत. पुढच्या नवरात्रात काय खायचं आणि केव्हा खायचं ते अम्मींनी ठरवून टाकलं आहे. दोन्ही देवांच्या वतीनं, असं त्या म्हणतात. चारुशीलाताईंचा फोन आला तेव्हा त्या खूप रडल्या, आणि मग म्हणाल्या, "बाबा एवढं बोलतात की मी फोन बाजूला ठेवून स्वयंपाक करते. आता नाही ठेवणार."

आता माझं काम. मला अमरावतीच्या एका कॉलेजात शिकवायची नोकरी लागली आहे. मुलाखतीत प्रोसेसरवर एक साधा प्रश्न आला आणि मी पुरणपोळीपासून सुरुवात केली. समितीतले एक सर मधेच म्हणाले, "पुरे, कळलं." मी म्हटलं, सर, दाण्याचं राहिलं. तरी घेतलं त्यांनी. सोमवार ते शुक्रवार मी माझ्या आईकडे अमरावतीला, आणि उजैरला सांभाळायला अम्मी माझ्याबरोबर. फरदीन दिवसभर दुकानात. म्हणजे आठवडाभर दुपारी खालचं घर बंद, आणि वर काका एकटे. फोन मी रोज करते. पण फोनवर नीट अडवता येत नाही.

म्हणून तुम्हाला विनंती. तुम्ही अकोल्यात असाल आणि दुपारी थोडी सवड असेल, तर समता अपार्टमेंटच्या वरच्या मजल्यावर जाऊन या. दालमिलच्या मागची बिल्डिंग, ऑटोवाल्याला सांगितलं की सोडतो. दार उघडंच असतं, घूं ऐकू येईल. आत जा, बसा आणि अल्फाचं विचारा. आमच्या अम्मी काहीही म्हणोत, विचारा. चांगले रंगात आले की वाक्याच्या मधोमध त्यांना तोडा. पाणी मागा, खिडकीबाहेर काहीतरी दाखवा. पाणी पिऊन झालं की गप्प बसा आणि ऐका. अर्धं राहिलेलं वाक्य त्यांनी जिथल्या तिथून उचललं, तर निश्चिंत मनानं घरी जा, संध्याकाळ झालेली असेल. नाही उचललं, तर साखरेचा डबा ओट्यावर डाव्या हाताला आहे. आधी ती द्या, मग मला फोन करा. नंबर अल्फाच्या बाजूला, कुंकवाच्या कागदावर लिहून ठेवला आहे.

मी उचलते. उचकीवर फोन लावणारी बाई आहे मी, माझा फोन बंद नसतो.